एर्लेनहूबची चौथी आळी

"दवंडी फिरली होती. चारी आळ्यांत फिरली होती."

तोंडात रक्त भरलं असताना माणूस बोलतो तसा तो आवाज. अर्धा शब्द बाहेर, अर्धा गिळलेला. त्रेपन्न वर्षं झाली, हानाच्या कानातून तो निघाला नव्हता. पद्माकरांशी लग्न करून ती इंग्लंडात वॉटफर्डला आली, सासूबाईंकडून मराठी शिकली, ओव्या शिकली, पण ओवी थांबली की मागे तो आवाज उरायचाच.

जर्मनीतलं तिचं गाव एर्लेनहूब. सहाशे माणसं, चार आळ्या, स्वतःची ग्रामसभा, स्वतःचा शिक्का. सरकारी हुकूम गावाला लागू व्हायचा तो दवंडीनंच. घंटा वाजवत चारी आळ्यांत पुकारायचं आणि वहीत प्रत्येक आळीपुढं सही करायची. एकाहत्तरच्या शरदात गाव शेजारच्या शहरात विलीन करायचं ठरू लागलं, गावकऱ्यांची सुनावणी लागली. वरच्या आळीचा कडवा विरोध. पण सुनावणीला वरच्या आळीचं माणूसच आलं नाही. हात मोजले, गाव संपलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी, आम्हाला दवंडीच दिली नाही म्हणत वरची आळी खाली उतरली. सरपंच एर्न्स्ट लोमानला त्यांनी कचेरीतून फरफटत आणलं. एक दांडा खांद्यावर, एक दांडा बरगडीवर, ज्याच्या त्याच्या घरचा एकेक दांडा. कुर्ट खाटकानं बुटाची टाच त्याच्या जबड्यावर ठेवली आणि अंगाचा भार टाकला. दात बर्फात सांडले, तरी तो एकच म्हणत राहिला, दवंडी फिरली होती. डावा डोळा गेला. तिसऱ्या आठवड्यात माणूसही गेला.

"आजी, दवंडीच्या वहीचे स्कॅन्स आले बघ." ईशानी, हानाची नात, ग्लासगोला विद्यापीठात जर्मन इतिहास शिकवते, सुट्टीत आजीकडे आली होती. एर्लेनहूबकरांनी गावाचं पुस्तक काढलं, त्यातलं गाव कसं गेलं ते प्रकरण तिच्याकडे दिलं. उद्या ते छपाईला जाणार होतं. "तीन आळ्यांची सही निळी आणि वरच्या आळीची काळा."

"काळी," बीट चिरता चिरता हाना म्हणाली.

"ओके, काळी! जर्मन बाई माझं मराठी करेक्ट करते, कोणाला सांगू?"

"सासूबाईंनी लाटणं दाखवून शिकवलंय मला. तुला कोणी दाखवलं नाही, हाच घोटाळा झाला."

ईशानी हसली. "बरं, पॉइंट ऐक. तुझे बाबा दवंडी द्यायचे ना? लोमाननं त्यांची खोटी सही मारली. वरच्या आळीला मुद्दाम कळू दिलं नाही. इट्स ऑब्व्हियस. मी तसंच लिहिलंय. थोडं त्यांच्या न्यूजलेटरमध्ये छापूनसुद्धा आलं."

सुरी बीटात रुतून राहिली. लाल पाणी हानाच्या मनगटापर्यंत आलं.

बाबा त्या शरदात अंथरुणाला खिळलेले. घंटा हाना फिरवायची, बावीस वर्षांची हाना. सुनावणीच्या पंधरा दिवस आधी तिनं कुर्टच्या सडक्या मांसावर बंदीची दवंडी दिली होती. कुर्टनं तिच्याच हातातली घंटा हिसकून तिच्या तोंडावर हाणली. केस धरून पायरीवर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. अख्खी वरची आळी दारादारांत उभी राहून बघत होती. मग सुनावणीची दवंडी आली. तीन आळ्या ती फिरली. चौथीच्या चढाशी पाय उचलेना. दुसऱ्या दिवशी घरी बसून, घरच्या काळ्या पेननं, तिनं चौथी सही केली.

"ईशा, ते नको छापू."

"व्हाय? पुरावा आहे ना."

एवढ्यात ईशानीचा फोन वाजला. सरपंचाची मुलगी, गेर्डा. ऐंशीची बाई. ईशानीनं स्पीकर लावला.

"काल वरच्या आळीतले चौघं आले," गेर्डा जर्मनमध्ये बोलत होती, श्वास पुरत नव्हता. "घणानं बाबांच्या थडग्याचा दगड फोडला. वर डुकराचं रक्त ओतलं. मग माझ्या दारावर लाथा. मुलगा आडवा गेला, तर त्याचा हात कोपरातून उलटा मोडला. हाडाचा आवाज मी आतून ऐकला. जाताना तुमचं लिखाण कापून माझ्या खिडकीला चिकटवून गेले. पुस्तकातही हेच छापणार आहात?"

ईशानी फोनकडे झुकली. "फ्राउ लोमान, आय ॲम सो... पण वहीत ती सही..."

"सही, सही! बाबा तीन आठवडे एका डोळ्यानं छताकडे बघत पडले होते. पोलिसांनी विचारलं, दवंडी खरंच फिरली होती का? दर वेळी एकच उत्तर. ब्रांटची पोर खोटी सही करणार नाही."

"ब्रांटची पोर?" ईशानीनं मान वर केली. लग्नाआधी हाना ब्रांटच होती. "आजी, दवंडी बाबा द्यायचे म्हणालेलीस तू. तुझे बाबा."

हानानं हात पुसले नाहीत. तसाच लाल हात पुढं करून तिनं फोन ओढून घेतला. माहेरची भाषा जिभेवर जड झाली होती, शब्द एकेक उचलून ठेवावा लागत होता.

"गेर्डा, मी हाना. हाना ब्रांट. वरच्या आळीत मी गेलेच नव्हते. कुर्टला भ्याले. चौथी सही मी घरी बसून केली, तुझ्या बाबांना त्यातलं काही माहीत नव्हतं." तिनं श्वास घेतला. "आणि त्यांना मारत होते ना, तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी गप्प राहिले, गेर्डा. मी तोंड उघडलं असतं तर दांडे माझ्यावर आले असते, म्हणून मी त्यांना मरू दिलं."