पेटीतल्या दोन चिठ्ठ्या

चादरीची दोन टोकं नणंदेच्या हातात देत वहिनी ओरडली,

"परत वाच!"

इस्पितळाच्या धुलाईखोलीत यंत्रांची घरघर एवढी, की ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नणंदेचा क्लास रस्त्यापलीकडेच होता. जेवणाच्या सुट्टीत ती इथे यायची, घड्या घालायला हात लावायची आणि गणितं वाचून दाखवायची. बारावीनंतर वहिनीचं शिक्षण सुटलं होतं, पण गणित म्हटलं की तिचे कान टवकारत.

नणंदेने चादर हनुवटीखाली धरून सराव परीक्षेचा कागद उलगडला.

"पेटीत एक ते क्ष आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. डोळे मिटून एक काढली, तर ती सम निघण्याची शक्यता बरोबर निम्मी आहे का? विधान पहिलं, क्षचा वर्ग सम आहे. विधान दुसरं, क्ष मूळ संख्या आहे. उत्तर द्यायला कोणतं विधान एकटं पुरेसं?"

"वर्ग सम, म्हणजे क्ष सम. मग सम-विषम चिठ्ठ्या सारख्याच. हो, निम्मी. पहिलं एकटं पुरे."

"दुसरंही पुरे. मूळ संख्या विषम, म्हणून विषम चिठ्ठी एक जास्त. उत्तर ठाम 'नाही'. मी हेच लिहिलं, सरांच्या उत्तरपत्रिकेतही हेच आहे. या एका गुणावर तर खास बॅचमध्ये बसले मी!"

वहिनी हसली, चादर घडीच्या ढिगावर ठेवली आणि पुढची उचलता उचलता थबकली.

"थांब. पेटी एकच ना?"

"हो."

"मग पहिलं विधान 'हो' म्हणतंय आणि दुसरं 'नाही'. एकाच पेटीबद्दल दोन्ही खरी कशी?"

वहिनीने कपड्यांना लावायचे दोन कागदी बिल्ले ओढले. एकावर एक लिहिलं, दुसऱ्यावर दोन. दोन्ही बिल्ले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन! अगं, दोन मूळही आहे आणि समही! दोनच चिठ्ठ्या असल्या तर शक्यता निम्मी, तीन असल्या तर नाही. दुसरं विधान पुरेसं नाहीच!"

"वहिनी!" नणंदेने कागद टाकून तिला मिठी मारली. दोघी लहान मुलींसारख्या उड्या मारू लागल्या. इस्त्रीवाल्या मावशी डोळे वटारून बघत राहिल्या.

मिठीतून सुटेपर्यंत नणंदेने सरांना फोन लावलाही होता.

"अगं, पण मग तुझा गुण जाईल," वहिनी तिचं मनगट धरत म्हणाली. "खास बॅचही."

नणंदेने मनगट सोडवून घेतलं. "जाऊ दे. चूक ती चूक."

तिने फोन स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं. "थांब, कागद बघतो," पलीकडून आवाज आला.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "दोनशे मुलांनी हा पेपर सोडवला, कुणाच्या लक्षात आलं नाही. हे तू शोधलंस?"

नणंदेने फोन वहिनीच्या हातात ठेवला.

"मी... मी शोधलं, सर."

"शाब्बास! तुम्ही कोणत्या बॅचला असता?"

वहिनीने मोकळा हात साडीला पुसला. ढिगातल्या चादरी अजून गरम होत्या. मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"सकाळची बॅच," वहिनीने विचारलं, "किती वाजता भरते?"