जुन्या रोख्याचा वचपा

मी सरकारी रोखा बोलतोय, आणि मनात डूख धरून बोलतोय. सरकारने तीस वर्षांसाठी कर्ज काढलं तेव्हा माझा जन्म झाला. मला कागदाचंही अंग नाही, संगणकातली एक ओळ म्हणजे मी.

पहिले सहा महिने माझी मिजास काही विचारू नका. रोख्यांची खरेदी-विक्री चालते त्या डीलिंग रूममध्ये दिवसभर माझंच नाव. तिथल्या एका ट्रेडरला सगळे 'शहाणा' म्हणत. माझा भाव सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. मला वाटलं, हा माणूस आपला.

मग धाकटा आला. तेच सरकार, तेच व्याज, मुदत फक्त सहा महिन्यांनी पुढची. पण बाजाराची रीत अशी, की नवा रोखा चुटकीसरशी विकता येतो म्हणून त्याला चार पैसे जास्त मोजायचे. त्याच दुपारी शहाण्याने मला पडद्याच्या तळाशी ढकललं. पेन्शन फंडाच्या बाईंनी फोनवर माझा भाव विचारला, तर हा म्हणतो, "त्या म्हाताऱ्याला कशाला हात लावताय?" ते माझ्या जिव्हारी लागलं.

दोन महिन्यांनी शहाण्याची स्वारी गोड बोलत परत आली. मी स्वस्त, म्हणून माझ्यावर परतावा जास्त. धाकटा महाग, त्याच्यावर कमी. पुढचा रोखा निघाला की धाकटाही जुना होणार आणि आमच्यातला फरक मिटणार, हे त्याचं गणित. त्याने कर्ज काढून मला ढिगाने घेतलं आणि धाकटा उसना आणून विकला, म्हणजे भाव उतरला की तो स्वस्तात घेऊन परत करायचा.

"फरक मिटेल रे," बाई फोनवर म्हणाल्या, "पण तोवर तू टिकशील का? बेतानं घे."

"बाई, म्हातारा पळून कुठे जातोय?"

आणि एका सकाळी एक मोठी बँक बुडाली. घाबरलेल्या बाजाराला चुटकीसरशी विकता येणारंच हवं होतं. धाकट्याचा भाव भडकला. मी जागचा हललो नाही. फरक मिटायचा सोडून तिप्पट झाला, आणि त्याचा तोटा बघून कर्ज देणारे म्हणाले, आजच्या आज पैसे भरा.

शहाण्याने मला विकायला अकरा फोन केले. "जुना? नको." प्रत्येक नकार मी चवीने ऐकला. बारावा फोन बाईंना.

"घेते. पण भाव मी सांगेन तो."

"जरा वाढवा ना, बाई. माझी नोकरी जाईल."

"बेतानं घे म्हटलं होतं."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिला."

दुसऱ्या दिवशी त्याच्या कार्डाने ऑफिसचं दार उघडलं नाही.

आता मी बाईंकडे असतो. कुणी भाव विचारत नाही आणि माझं त्यावाचून अडतही नाही. माझी कीव करू नका. फक्त शहाणा कुठे भेटला तर एवढा निरोप द्या: तुझं गणित अगदी बरोबर होतं. पाच आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी, फरक मिटला.