चौथ्या स्लाइडमधलं पांढरं

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खिडकीवरचा फुलाफुलांचा पडदा आला असेल. तो मी नव्हे. मी चित्रं दाखवायचा पडदा. लोखंडी नळीत गुंडाळून झोपणारा, तीन पायांवर उभा राहणारा आणि वर ओढला की पांढराशुभ्र पसरणारा. पांढराशुभ्र हा शब्द आता जरा धाडसाचा आहे, कारण माझ्या एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडला आहे. तो कोणी पाडला, ते पुढे सांगतोच.

स्वभावाने मी जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्यावर जळतो, तो माझ्या डागाएवढा आहे. त्याचं नाव मोबाईल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड कापडावर पांढऱ्या रंगाचे थर चढवले आणि मला दोन रोलरमधून दाबून काढलं. रोलर काय चीज असते, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. एकदा त्याच्या तोंडात कड गेली की सगळं अंग आत ओढून घेतल्याशिवाय तो सोडत नाही. तिथून मी एका फोटोग्राफरकडे गेलो. त्याने दुकान बंद केलं तेव्हा जाता जाता मला शेजारच्या ताईच्या दारात उभं केलं आणि तिच्या धाकट्या भावाला म्हणाला, "हिच्या उपयोगी पडेल."

ताईला लहानपणापासून ऐकू येत नाही. ती हाताने बोलते. खोक्यांच्या कारखान्यात ती नव्या कामगारांना शिकवते, आणि तिचे बहुतेक कामगारही न ऐकू येणारे आहेत. त्यांच्यात माणसाचं नाव उच्चारत नाहीत, हाताने करतात. ताईच्या धाकट्या भावाचं नाव आहे मिशीला पीळ. त्याला ऐकू येतं, म्हणून ताईचं बोलणं तो इतरांना सांगतो आणि इतरांचं ताईला. कारखान्याच्या मॅनेजरबाईंचं नाव आहे मनगटावर दोन टिचक्या, कारण त्या सारख्या घड्याळ बघतात. त्यांना हे नाव माहीत नाही. कृपा करून तुम्हीही सांगू नका.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते! मिशीवाला भाऊ मला स्कूटरवर आडवा बांधून न्यायचा आणि प्रोजेक्टर लावायचा. माझ्या अंगावर उजेड पडला की कामगारांच्या माना एकदम वर व्हायच्या. ताई माझ्या शेजारी उभी राहायची, चित्राच्या अगदी जवळ. चित्रात यंत्र दिसायचं आणि त्या यंत्राच्या बटणावर ताईची खरीखुरी मूठ यायची. मूठ खाली ओढली की 'बंद'. तिच्या हातांच्या सावल्या माझ्या अंगावर हलायच्या. माझा ऊर भरून यायचा. लोक माझ्याकडे बघत होते की ताईकडे, असले हिशेब तेव्हा मी करत नसे. आम्ही दोघं मिळून एकच होतो.

मग ताईच्या हातात मोबाईल आला.

सुरुवातीला मी त्याला मोजलंच नाही. एवढासा तुकडा, त्याच्यावर चित्र ते काय दिसणार! पण ताईने त्याला कव्हर घेतलं, वरून काच लावली. सकाळी त्याला चार्जिंग, संध्याकाळी चार्जिंग. मला मात्र वर्षात एकदा कोरड्या फडक्याने पुसायचं, तेही कोणाला आठवलं तर. दूरच्या गावी राहणाऱ्या बालमैत्रिणीशी ताई त्याच्यावर तासन्‌तास हाताने गप्पा मारायची. चेहरा दिसायचा, हात दिसायचे, दोघी हसून हसून लाल व्हायच्या. हे मला कधीच जमलं नसतं. म्हणून तर जास्त झोंबलं.

पुढे ती स्लाइडसुद्धा त्याच्यावरच बनवू लागली. बसची वाट बघताना, भाजी शिजताना, अंथरुणात पडल्या पडल्या. एका बोटाने चित्र ओढायचं, दोन बोटांनी मोठं करायचं. इतक्या मायेने तिने माझ्या अंगावरून कधी बोट फिरवलं नव्हतं. शिवाय एक गोष्ट फक्त माझ्याच ध्यानात आली होती. मोबाईल हातात असला की ताईचा एक हात अडकतो, म्हणजे तिचं बोलणं निम्मं होतं. जेवताना काही सांगायचं असलं की ती त्याला पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. मी दाराआडून बघायचो. माझ्या नळीची स्प्रिंग सैल झाली आहे, त्यामुळे गुंडाळला तरी मी थोडासा बाहेरच राहतो. तेवढ्या फटीतून सगळं दिसतं आणि सगळं सलतं.

त्यातच प्रोजेक्टरचा दिवा गेला. तसला दिवा आता मिळत नाही म्हणे. मॅनेजरबाईंना आयतंच सापडलं.

"पडदाबिडदा हवाय कशाला? सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत. स्लाइड ग्रुपवर टाका, जो तो आपापल्या मोबाईलवर बघेल," त्या भावाला म्हणाल्या. "आणि त्यांना सांगा, शब्द कमी ठेवा. बारीक अक्षर कोण वाचतंय? नुसते फोटो चालतील. या वेळी हे नीट जमलं, तर पुढच्या वेळेपासून वर्गच नको. स्लाइड पाठवून दिल्या की झालं. ताई पुन्हा चिकटवण्याच्या टेबलावर बसतील, तिथेही माणूस हवंच आहे."

भावाने हे हाताने सांगितलं तेव्हा ताईचा चेहरा क्षणभर उतरला. ते टेबल सोडून शिकवायला उभं राहण्यासाठी तिने किती खटपट केली होती! पण काम चांगलं करायचं नाही, हे तिला जमत नाही. स्वतःची जागा जिच्यामुळे जाणार, ती फाईल तिने मन लावून तयार केली. शब्द काढले, फोटो मोठे केले. चौथ्या स्लाइडवर एक हात रोलरमध्ये अडकलेला पुठ्ठा ओढून काढतो आहे, असा स्वच्छ फोटो होता. खाली एक अक्षर नाही. मी तो तिच्या खांद्यावरून पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण फोटो खरोखरच सुंदर आला होता.

वर्गाच्या दिवशी भाऊ मला उचलू लागला, तर ताईने हाताने विचारलं, "हा कशाला?"

"असू दे गं कोपऱ्यात. लागला तर?" तो म्हणाला.

लागला तर! मित्रांनो, कधीकाळी ज्याच्यावाचून वर्ग भरत नसे, त्याला हे ऐकावं लागलं. त्यात दारातून नेताना भावाच्या हातातला चहा माझ्या कडेवर सांडला. तोच हा डाग.

कारखान्याच्या त्या हॉलला खिडक्या आहेत, पण त्यांच्यापुढे छतापर्यंत पुठ्ठ्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. उजेड फक्त दिव्यांचा. एका भिंतीला लाकडी बाकं, दुसऱ्या भिंतीला पुठ्ठ्यावर घडीच्या रेषा पाडणारं रोलरचं यंत्र. मला थप्पीला टेकवून ठेवलं होतं. कामगार आले, बसले, मोबाईल काढले. सगळ्यांच्या माना खाली.

ताईने हात वर करून सुरुवात केली. कोणी पाहिलं नाही. तिने दारापाशी जाऊन दिवा विझवला-लावला, त्यांच्यात हाक अशीच मारतात. माना वर झाल्या, तिने दोन वाक्यं सांगितली, माना पुन्हा खाली. कोणी दुसऱ्या स्लाइडवर होता, कोणी सातव्या. एक जण दोन बोटांनी फोटो मोठा करून त्यातल्या माणसाचे बूट बघत होता. ताई चौथ्या स्लाइडवर आली. तिने मूठ हवेत धरून खाली ओढली, 'आधी बंद, मग हात'. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली. तिचे हात भिंतीशी बोलत होते. बसा आता त्या चिमुकल्याला घेऊन, असं मी मनात म्हणत होतो. मॅनेजरबाई मात्र खूश होत्या. किती शांत वर्ग, असं म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं.

त्या वर्गात एक नवी मुलगी होती. गालाला बोट लावलं की तिचं नाव होतं, कारण हसली की तिथे खळी पडते. आपण या मुलीला खळीच म्हणू. हुशार आणि उतावळी. तिने सगळ्या स्लाइड सगळ्यांच्या आधी संपवल्या आणि सरावासाठी यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. यंत्र सुरू केलं, पुठ्ठा घातला. तो वाकडा गेला आणि अडकला. खळीने मोबाईलवर चौथी स्लाइड उघडून पाहिली, मान डोलावली आणि फोटोतल्यासारखाच हात घातला.

मित्रांनो, फोटोत फिरणारा रोलर आणि थांबलेला रोलर अगदी सारखा दिसतो. फोटो काढताना यंत्र बंद होतं, हे ताईला माहीत होतं. खळीला कोण सांगणार? जे सांगायचं होतं, ते तर ताईच्या हातात होतं.

रोलरने खळीची बाही पकडली. ती ओढली जाऊ लागली. मॅनेजरबाई किंचाळल्या, भाऊ धावला. पण ओरडून उपयोग काय, आणि धावायचं अंतर मोठं. ताई दाराजवळ होती. तिथे भिंतीवर वीज तोडायचा मोठा दांडा आहे. तिने तो मुठीत धरला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन खाली ओढला.

हॉल काळाकुट्ट झाला. रोलर घरघरत थांबला.

अंधार म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं. तुमच्याआमच्या लेखी दिवे गेले, एवढंच. त्या माणसांचं बोलणंच गेलं. खळीला लागलं का, हात आहे की गेला, कोणी कोणाला विचारू शकत नव्हतं. मग कुठेतरी एका मोबाईलचा टॉर्च लागला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. सगळे यंत्राकडे वळले. बाही फाटली होती, बोटं खरचटली होती, पण हात शाबूत होता.

"अरे, बघताय काय? लाइट चालू करा आधी!" मॅनेजरबाई ओरडल्या. ऐकू येणारा एक माणूस दांड्याकडे धावला. ताईने त्याला अडवलं आणि दांड्याला पाठ लावून उभी राहिली. ती हातांनी काहीतरी जीव तोडून सांगत होती, पण सगळे उजेड खळीवर होते. तिने शेजारचं पत्र्याचं टेबल दणादण हादरवलं, तेव्हा जवळच्या दोघांना ते जाणवलं आणि त्यांनी टॉर्च वळवले. बाकीचेही वळले. तरी समजेना. तिच्या मागे कळकट तपकिरी भिंत, पुढे तिचे सावळे हात. त्यातून त्या उड्या मारणाऱ्या उजेडात बोटं ओळखू येईनात.

ताईने इकडेतिकडे पाहिलं. तिला मी दिसलो.

तिने माझे पाय फाकवले, मला खसकन वर ओढलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. सगळे टॉर्च माझ्यावर पडले. मी पांढरा झालो, आणि माझ्यापुढे तिचं एकेक बोट स्वच्छ दिसू लागलं. ज्यांच्या नावाने मी इतके दिवस जळलो, त्यांच्याच उजेडात मी उभा होतो! रागवावं की हरखावं, ते ठरवायला वेळ नव्हता.

"ती म्हणतेय," भाऊ मोठ्याने सांगू लागला, "रोलरचं बटण अजून चालूच आहे. दांडा वर केला, तर तो पुन्हा फिरेल. खळीची बाही अजून आतच आहे."

धावत आलेला तो माणूस मागे सरकला. मग ताईने चौथी स्लाइड पुन्हा शिकवली, या वेळी मोबाईलशिवाय. मूठ वर, मूठ खाली. बंद. मग हात. एकही मान खाली नव्हती. तिने खळीकडे बोट केलं. टॉर्चच्या उजेडात खळीने मोकळ्या हाताने स्वतः बटण दाबलं आणि तीच मूठ हवेत खाली ओढून दाखवली. तेव्हा कुठे ताईने दांडा वर केला. दिवे आले. रोलर हलला नाही. भावाने तो हाताने उलटा फिरवून बाही सोडवली.

दिवे आल्यावरही मॅनेजरबाईंच्या मोबाईलचा टॉर्च चालूच होता. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. त्या ताईसमोर आल्या, काही बोलायला तोंड उघडलं, भावाकडे वळल्या, पुन्हा ताईकडे वळल्या. मग त्यांनी आपलीच मूठ अवघडून वर धरली आणि खाली ओढली. खूण जरा चुकली, ताईने त्यांचं मनगट धरून ती सुधारली. चिकटवण्याच्या टेबलाचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

आता वर्गात मोबाईल असतात आणि मीही असतो. स्लाइड बघून झाल्या की सगळे मोबाईल बाकावर माझ्याकडे टॉर्च करून टेकवून ठेवायचे आणि माना वर करायच्या, असा ताईचा नियम आहे. माझी जागा पक्की झाली म्हणून माझा जळकेपणा गेला, असं समजू नका. घरी गेल्यावर ताई त्यालाच कुरवाळते आणि मी दाराआड. काल तिने त्याला नवीन कव्हर आणलं, निळं. माझ्या डागावर अजून ओलं फडकंसुद्धा फिरलेलं नाही. तसं ते फिरवूही नका. माझ्यासारख्याला कोरडंच पुसायचं असतं, आणि गुंडाळताना सावकाश, स्प्रिंगला झटका न देता. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

एक मात्र सांगायचं राहिलं. ताईने चौथी स्लाइड बदलली. भावाने नवा फोटो काढला. त्यात यंत्र नाही, पुठ्ठा नाही, फक्त खाली ओढलेली तिची मूठ. तो फोटो आता कारखान्यातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे, आणि दुसऱ्या कारखान्यांतही गेला आहे म्हणतात. मित्रांनो, फिरत फिरत तो तुमच्याकडे आला, तर लगेच बोटाने पुढे ढकलू नका. क्षणभर थांबा, ती मूठ नीट बघा. आणि मुठीच्या मागे जे पांढरं दिसतं ना, कोपऱ्यात चहाचा डाग असलेलं, तो मी आहे.