पहिल्या रांगेचा ट्रॅक

गाण्याची प्रत्येक ओळ सुरू होण्याआधी लॅपटॉपच्या पडद्यावर एक बारीकसा फुगवटा दिसत होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मग क्षणभर सपाट रेघ, आणि मग आवाजाचा डोंगर. प्रभावतीने तो दाणा मोठा करून पाहिला, तेवढाच वाजवून ऐकला. तो तिचा श्वास होता. निळ्या सॉफ्टवेअरने तो नको असलेला आवाज समजून पुसून टाकला होता. नारिंगीने ठेवला होता, पण विहिरीत तोंड घालून घेतल्यासारखा घुमवला होता. करड्याने जसाच्या तसा ठेवला होता.

गाणं रेकॉर्ड करायच्या या तिन्ही सॉफ्टवेअरांना इंग्रजी नावं होती, पण प्रभावती ती चिन्हांच्या रंगांवरून ओळखायची. आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवून मलेरियाचे जंतू शोधण्यात तिची सगळी नोकरी सरली होती. रंग तिच्या लक्षात राहत. निवृत्त होताना तिथली शिस्तही ती घरी घेऊन आली होती. तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून तोच माईक, तोंडापासून वीतभर अंतरावर, तेच गाणं, आणि दुपारच्या जेवणानंतरची तीच शांत वेळ. बदलायचं ते फक्त सॉफ्टवेअर.

गोव्याच्या मांद्रे गावातल्या तिच्या घरामागची ही खोली पूर्वी पर्यटकांना भाड्याने दिली जायची. एक परदेशी गिटारवाला ओळीने काही हिवाळे तिथे राहिला आणि शेवटच्या खेपेला हा माईक तिला देऊन गेला. आता भिंतींना कापसाच्या गाद्या टेकून उभ्या होत्या आणि खिडकीवर दुहेरी गोधडी होती. किनाऱ्यावरच्या शॅकमधलं संगीत एवढ्याने अडत असे. पदेराच्या सायकलीचा भोंगा मात्र गाद्यांनाही जुमानत नसे. तो पाव विकून पुढच्या वाड्यावर जाईपर्यंत थांबायचं, एवढाच त्याला उपाय.

"आई, परत तेंच गाणां?" गौरवीने दारातूनच विचारलं. ही प्रभावतीची एकुलती एक मुलगी. डिचोलीला दिलेली, औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात कामाला. रविवार म्हणून ती आली होती आणि तिच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते.

"तेंच. गाणां बदललां तर तुलना कशी करतलंस?"

"मगे खंयचां बरां?"

"निळ्यात ताल आपोआप बसता. पण मेलां माजो श्वास खाता. नारिंगी ह्या लॅपटॉपाक झेपणां नाय, मदीच धापा टाकता. करड्यात सगळां साधां. पण दर खेपेक उघडलां काय इचारता, माका इकत घेतलंस काय? पावण्याक बसूक दिवच्याआदी चाय मागल्यासारखां."

"मगे घेवन टाक आनी सोडव त्याका. आई, माजो घोव निवडताना इतकी तपासणी करूंक नाय तू."

"तो ट्रायलार मेळूंक नाय."

गौरवी इतकी हसली की कपातला चहा बशीत आला. मग ती गादीला टेकून खाली बसली आणि आईकडे बघत राहिली. आई मान खाली घालून पुन्हा तो तांदळाचा दाणा मोठा करत होती.

गाणी धालोची होती. पौषात वाड्यातल्या बायका रात्री मांडावर जमत. मांड म्हणजे दत्तारामच्या घरापुढचं सारवलेलं अंगण. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून. पहिली रांग ओळ म्हणत पुढे येई, वाकून मागे सरे. मग दुसरी रांग तीच ओळ उचले. लग्न होऊन आल्यापासून प्रभावती पहिल्या रांगेत होती, आधी सासूच्या शेजारी आणि पुढे सासूच्या जागी, टोकाला. तिला जेवढी गाणी येत तेवढी वाड्यात कोणालाच येत नव्हती. पाठ करायची कोणाला गरजच पडली नव्हती. तिने पहिले दोन शब्द उचलले की उरलेले बाकीच्यांच्या तोंडात आपोआप येत.

गेल्या पौषाच्या आधी कृष्णनाथ गेला. तिचा नवरा. तेरेखोलच्या फेरीबोटीवर काम करून निवृत्त झालेला, बोलणं कमी आणि झोप गाढ असलेला माणूस. या मांडावर विधवा रांगेत उभी राहत नसे, ओसरीच्या पायरीवर बसून बघत असे. प्रभावतीला कोणी तसं सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. ती आपणहून पायरीवर जाऊन बसली.

त्या रात्री तिसऱ्याच गाण्याला रांग अडली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग सगळ्यांचीच तोंडं पायरीकडे वळली. तिने बसल्या जागेवरून हळूच पुढचे शब्द सांगितले, परीक्षेत शेजारणीला सांगावेत तसे. धालो संपेपर्यंत तसंच चाललं. ओळ तिची आणि पावलं दुसऱ्यांची.

यावर उपाय काढला दत्तारामने. तो कृष्णनाथचा चुलत भाऊ. मांडाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. चतुर्थीला भेटला तेव्हा म्हणाला, "वैनी, तुमी असय घरात गाणी रेकॉर्ड करतास. पयल्या रांगेचां सगळां भरून दियात. मी स्पीकर लावतंय. तुमचो आवाज पयल्या रांगेत, आनी बायो फकत पावलां टाकतली." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट आपण वहिनीचा मान राखला अशीच त्याची समजूत होती.

प्रभावती तेव्हा म्हणाली, "बगतंय. आदी बरां सॉफ्टवेर निवडूंक होयां."

तेव्हापासून ती निवडतच होती. तिन्हींपैकी कुठलंही चाललं असतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. पण एकदा निवड झाली की रेकॉर्डिंग पुरं होणार, पुरं झालं की ते दत्तारामच्या हाती जाणार, आणि पौषात तिने पायरीवर बसून आपलाच आवाज ऐकायचा. म्हणून ती मन लावून श्वासाचे दाणे तपासत होती.

"एक इचारू?" गौरवी म्हणाली. "स्पीकर मांडार उबो केलेलो चलता. तू चलणंस नाय. ही खंयची गजाल?"

"पिढ्यानपिढ्यांची."

"स्पीकर पिढ्यानपिढ्यांचो?"

प्रभावतीने हेडफोनच्या वायरीचा गुंता सोडवायला घेतला. इतक्यात अंगणातून हाक आली, "वैनी गोऽ, आसंस मगो?" आणि पाठोपाठ कुंदा आत आली. कुंदा दत्तारामची बायको, दुसऱ्या रांगेच्या टोकाची. म्हणजे इतकी वर्षं मांडावर प्रभावतीच्या बरोबर समोर उभी राहणारी. तिला प्रभावतीनेच बोलावलं होतं. पहिल्या रांगेच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक ओळीनंतर दुसऱ्या रांगेसाठी मोकळी जागा सोडायची होती, आणि ती किती सोडायची हे काही केल्या तिला ठरवता येत नव्हतं. निळं म्हणे सगळीकडे सारखी सोड. तशी सोडून पाहिली, पण ऐकताना काहीतरी बोचत होतं.

"हां कानार घाल," तिने कुंदाच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "माजी ओळ आयकूंक येतली. ती संपली काय तू म्हण."

"सिनेमातल्या बायांसारखां?" कुंदाने पदर नीट केला. "गौरवी, फोटो काड गो माजो. घरात दाखयतंय. ते म्हणतत, तुजो आवाज बेडकासारखो."

"काकाक काय कळता!" गौरवीने खरंच फोटो काढला.

प्रभावतीने करडं उघडलं, विकत घेण्याची आठवण बाजूला सारली आणि ट्रॅक सुरू केला. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. कुंदा मान डोलवत होती. मग तिने वेळेवरच्या, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या अबोलीची ओळ उचलली:

"वेळेच्या वाटेर गो, कोणें पेरली अबोली..."

दुसरी ओळही जमली. तिसरीला कुंदाला ठसका लागला. साधाच ठसका, सकाळपासूनच्या खोकल्याचा. मांडावर असं झालं की पहिली रांग थांबते. कोणीतरी हसतं, कोणी पाठीवर थाप मारतं, आणि पहिली रांग तीच ओळ पुन्हा म्हणते, जणू चुकलं ते आपलंच. त्याला कोणी नियम म्हणत नाही. पण त्याशिवाय धालो होतच नाहीत.

कुंदा खोकता खोकता हात वर करून ओरडली, "थांब गो वैनी, थांब, थांब!"

ती हे लॅपटॉपकडे बघून म्हणत होती.

प्रभावती तिच्या समोरच बसली होती. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. हेडफोनमधली प्रभावती थांबली नाही. ती चौथ्या ओळीवर गेली, पाचवीवर गेली. कुंदाने मधेच कुठेतरी पकडायचा प्रयत्न केला, चुकली, आणि शेवटी तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बारीक आवाजात गाणं तिथेही चालूच होतं.

"ही माजी वाट बगणां नाय गो," कुंदा म्हणाली. तिला हसू येत होतं, पण ते पुरतं आलं नाही.

गौरवीने पुढे होऊन ट्रॅक बंद केला. मग प्रभावतीने पाणी आणून कुंदाला दिलं. कुंदा ते प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं. आणि प्रभावतीने, माईक नाही, सॉफ्टवेअर नाही, तिसरी ओळ पुन्हा म्हटली. कुंदाने तिच्या तोंडाकडे बघत ती उचलली. शेवटचं अक्षर संपायच्या आधीच उचलली. या खेपेला मोकळी जागा उरलीच नाही. एकीचा आवाज दुसरीच्या आवाजावर टेकला आणि तसाच पुढे गेला. दोघी बसल्या जागी किंचित पुढे वाकत होत्या, मागे सरत होत्या. गाणं संपलं तेव्हा कुंदाचे डोळे भरले होते आणि ती खोकल्यावर ढकलत होती.

"जागा सोडूंकच नाका थंय," प्रभावती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "म्हणान बसत नवतां."

"म्हातारे बायो बोलतले, वैनी," कुंदा एकदम म्हणाली. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं. "माका काय नाय. पण तेंची तोंडां तू जाणंस. आनी हेंनी स्पीकर ठरवलोहा."

"जाणतंय."

"मागीर तुकाच तरास."

"जाणतंय गो."

गौरवी लॅपटॉपजवळच होती. पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली होती: विकत घेणार का? "आई, ह्याचां काय करू?"

"घे," प्रभावती म्हणाली. "करडां घे. माज्या मोबायलावरसून पैशे भर."

गौरवीने वळून पाहिलं. इतके महिने चाललेली निवड एका शब्दात आटोपली होती. ती काही बोलणार तोच टेबलावरचा फोन वाजला. दत्तारामचा होता. प्रभावतीने तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"वैनी, स्पीकर हाडलो मी. बरो खणखणीत आसा. कुंदा थंय आसा मां? तिच्याकडे पेन ड्रायव्ह दियात. आजच लावन बगतंय."

कुंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. प्रभावती उठून उभी राहिली. फोन टेबलावरच होता, तरी बोलताना ती उभी राहिली.

"दत्ताराम, स्पीकर परत करून ये."

"कित्याक? रेकॉर्डिंग जावंक नाय?"

"जातलां. तां पोरांक शिकूंक. मांडार नाय." तिने टेबलावरचा फोन उचलून तोंडाजवळ धरला. "मांडार मी येतलंय. पयल्या रांगेत, माज्या जाग्यार उबी रवतलंय."