शकुनाचं दही

"पाण्याचा थेंबही द्यायचा नाही बरं बाबा, भूल द्यायची आहे," विनता सकाळपासून सासऱ्यांना बजावून राहिली होती. नीलकंठरावांनी दरवेळी मान डोलावली.

नातीच्या, अवंतीच्या, टाळूचं आज ऑपरेशन होतं. जन्मतः फाटलेला ओठ मागच्या वर्षीच शिवून झाला होता, नव्या माणसाला कळूही नये इतका सुबक. पण आतून टाळू फाटलेलीच. दूध नाकातून यायचं, बोबडे बोलही नाकातूनच. 'आबा' म्हणायला जायची न् 'आमा' निघायचं. बोलायची तीच सवय पडायच्या आत टाळू शिवायला हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. ते नागपूरहून अधूनमधून इथल्या, नेपियर टाउनच्या दवाखान्यात यायचे. आधीची तारीख सर्दीपायी हुकली होती.

आता नीलकंठरावांचं म्हणाल, तर घरातून कोणी मोठ्या कामाला निघालं आणि त्यांनी दही-साखर दिली नाही, असं कधी झालं नव्हतं. पोराची परीक्षा असो की इंटरव्ह्यू. मग एवढ्या मोठ्या कामाला पोर तशीच कशी निघेल? आणि दही-साखर काय खाणं असते? तो तर शकुन! विनता पिशवी भरत असताना त्यांनी बोटभर दही अवंतीच्या जिभेवर ठेवलं. भुकेली पोर, बोट सोडेचना. मग अजून एक बोट. असं करत वाटी संपली.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बच्ची को कुछ खिलाया तो नहीं?"

"कुछ नहीं. पानी भी नहीं," विनता छातीठोकपणे म्हणाली.

"पेट में कुछ हो तो बेहोशी में साँस की नली में चला जाता है. जान पर बन आती है."

नीलकंठरावांना सकाळची रिकामी वाटी आठवली. गप्प राहिलं तर आज टाळू शिवली जाईल. पण पोरीचं काही झालं तर? सिस्टरनं अवंतीला घ्यायला हात पुढे केले.

"दिया है, मॅडम," ते मधे येत म्हणाले. "दही. मैंने दिया."

"काहून, बाबा?" विनता किंचाळली. "काहून दिलं?"

"शकुनाचं होतं गं..."

त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले. संध्याकाळी करा म्हणाले, तोवर पचेल म्हणाले. डॉक्टर चिडले नाहीत, उलट खरं बोललात ते बरं केलंत म्हणाले. पण आजची यादी भरलेली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परतायचं होतं. पुढच्या खेपेला बघू. तेव्हा सर्दी नसली तर.

विनतानं अवंतीला सासऱ्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. "घ्या. आता घाला काय खाऊ घालायचं ते," म्हणाली आणि डोळे पुसत ऑटो बघायला गेली.

अवंतीनं त्यांचं बोट पकडून तोंडात घातलं. सकाळचंच बोट. दही काही मिळालं नाही, तरी हसली.

"आमा," ती लाडात म्हणाली.

"ओ गं माझे बाई," नीलकंठराव म्हणाले, आणि तिथंच बाकावर ढसाढसा रडू लागले.