पोहोचायची वेळ

मुख्तारने गाडी कशीबशी तिरकी लावली आणि शाळेच्या सभागृहाकडे धावत सुटला. आतिकाने सकाळी तीनदा बजावलं होतं, "पप्पा, फाइव्ह ओक्लॉक. प्लीज." आता साडेपाच होऊन गेले होते.

ऑफिसातून तो वेळेत निघाला होता. पेट्रोल भरायला पंपावर थांबला, तिथल्या दुकानात स्क्रू-ड्रायव्हर दिसले. स्वयंपाकघरातला खण रमजानपासून निखळून पडला होता. कोणता बसेल ते बघता बघता किती वेळ गेला, त्याला कळलंच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पेट्रोल भरायचं राहिलं.

दार ढकलून तो आत शिरला. सभागृह रिकामं होतं. रखवालदार इमाद खुर्च्या सरळ करत होता.

"खतम हो गया?" मुख्तारने धापा टाकत विचारलं.

"अभी कहाँ, भाईसाब? छह बजे शुरू होगा. बैठो आराम से."

मुख्तार उभाच राहिला. मग मागच्या रांगेत बसला.

हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या आजाराला नाव दिलं होतं, अटेन्शन डेफिसिट, म्हणजे लक्ष टिकत नाही. चाळिशी उलटल्यावर. त्या दिवशी बहारीनच्या झिंज भागातल्या फ्लॅटवर परतताना त्याला फार हलकं वाटलं होतं. आळशी नाही, बेफिकीर नाही, आजार आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि फरकही दिसू लागला. सासूबाईंना घ्यायला तो विमान उतरायच्या आत एअरपोर्टवर हजर होता. ईदची नमाज चुकली नाही. त्याचा मित्र राहील याच्या घरच्या जेवणाला तर सगळ्यांच्या आधी पोहोचला.

"बघितलंस? गोळ्या लागू पडल्या," तो बायकोला, नसीबाला म्हणाला होता.

"हो," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली होती. वर न बघता.

एअरपोर्टची वेळ नसीबाने सांगितली होती. नमाजची तिनेच. जेवणाचीही.

बाहेर गाडीत जाऊन बसावं आणि सहाला परत यावं, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे आपल्याला खरी वेळ कळली, हे नसीबाला समजणार नाही. पण बाहेर पडलो तर परत येऊच, याची त्याला खात्री वाटेना. त्याने खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि बसून राहिला. सभागृह हळूहळू भरत गेलं.

सहाला थोडा अवकाश असताना स्टेजच्या बाजूच्या दारातून नसीबा आली. मागे नाटकातल्या राणीच्या पोशाखात आतिका. त्याला पाहताच दोघी थबकल्या. नसीबाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"कधी आलात?" तिने जपून विचारलं.

"हा काय, आत्ताच. ट्रॅफिक होता गं. उशीर झाला, सॉरी."

नसीबाचे खांदे सैल पडले. "असू दे. अजून सुरू नाही झालं. त्यांचंच लांबलंय काहीतरी."

"हो का? नशीब माझं," तो हसून म्हणाला.

आतिकाने आईचा हात ओढला. आवाज दबका ठेवला, पण मुलांचा दबका आवाज तो कितीसा दबका.

"ममा, पप्पा ऑलमोस्ट मिस्ड इट. नेक्स्ट टाइम टेल हिम इव्हन अर्लियर."

मुख्तार समोरच्या बंद पडद्याकडे बघत राहिला.