सुमीतचा यंदाचा चेहरा

आमच्याकडे भुतं बनतात. त्यामुळे लोकांना वाटतं की आम्हाला भुतांची भीती वाटत नसेल. आम्हाला भीती वाटते ती डिलिव्हरीच्या तारखेची. फ्रीगंजमध्ये, टावर चौकातून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत खाली आमचं वर्कशॉप आणि वर घर. सिनेमा-वेबसीरिजवाल्यांना लागणारी कापलेली मुंडकी, चेटकिणी, नऊ फुटी अजगर, आणि हौशी लोकांच्या काचेच्या कपाटात ठेवायला वीतभर उंचीचे राक्षस. अजगराचे खवले आम्ही भैरवगढहून आणलेल्या कापडछपाईच्या लाकडी ठशांनी उठवतो. ही बाबांची युक्ती. मुंबईची माणसं येऊन विचारून गेली, बाबांनी काही सांगितलं नाही.

तर भुतांचं मला काही नाही. पण वर्कशॉपच्या मागच्या फळीवर एक रांग होती, तिच्याकडे पाठ करून दिवा बंद करायला मी, चौतीस वर्षांची बाई, घाबरायची. माझा धाकटा भाऊ सुमीत घर सोडून गेला त्याला आठ वर्षं उलटून गेली. त्याचे प्लास्टरचे आठ चेहरे त्या फळीवर होते, सगळे एकाच साच्यातून काढलेले. आणि प्रत्येक चेहरा आधीच्यापेक्षा एका वर्षाने मोठा होता.

आधी तो साचा कसा झाला ते सांगते, कारण त्यात माझा हात आहे. म्हणजे, नव्हता.

जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा तर त्याला खुर्चीत बसवतात, केसांवर घट्ट टोपी, भुवयांना आणि मिशीला व्हॅसलीन, आणि मग सगळ्या तोंडावर सिलिकॉन. फक्त नाकपुड्या उघड्या. वीस मिनिटं त्या माणसाला दिसत नाही, बोलता येत नाही, ऐकूही धड येत नाही. म्हणून बाबांचा एक नियम होता. शेजारी कुणीतरी त्याचा हात धरून बसायचं. त्याने हात एकदा दाबला तर ठीक आहे. दाबून सोडलाच नाही तर साचा गेला खड्ड्यात, आधी तोंड मोकळं करायचं. हात धरणाऱ्याने घराला आग लागली तरी उठायचं नाही.

त्या दिवशी एका मुंडक्यासाठी सुमीतचा चेहरा हवा होता आणि हात मी धरला होता. बाराव्या मिनिटाला भोपाळहून प्रोडक्शनच्या माणसाचा फोन आला. आत रेंज येत नाही म्हणून मी हात सोडून दारात गेले. "दीदी, गर्दन कब तक मिलेगी?" एवढंच विचारायचं होतं त्या मेल्याला. मी हसून हसून उत्तर देत होते. इकडे सिलिकॉन ओघळलं, एक नाकपुडी बंद झाली, दुसरी अर्धी. मी वळून पाहिलं तेव्हा सुमीतचा हात हवेत होता. मूठ मिटत होती, उघडत होती. तिथे कुणी नव्हतं. बाबांनीही पाहिलं, पण त्यांचं सगळं लक्ष साच्यावर. "दोन मिनिटं रे, बस दोन मिनिटं. आता काढलं तर सगळं फाटेल," ते म्हणाले. आणि त्यांनी खरोखरच दोन मिनिटं ते काढलं नाही.

सुमीतने बेसिनवर तोंड धुतलं. मिशीतलं व्हॅसलीन टॉवेलने पुन्हा पुन्हा पुसलं. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं. "टावरवर जाऊन येतो," म्हणाला आणि गेला. नवव्या दिवशी आईला कुणाच्या तरी मोबाईलवरून फोन आला. "मी ठीक आहे, मला शोधू नका." आम्ही शोधलं. पोलीस, स्टेशन, इंदूर, नाशिक, सगळं झालं. त्यानंतर त्याचा आवाजसुद्धा नाही.

साचा मात्र असा निघाला की बघत राहावं. मिशीचा केस न् केस उठला होता. बाबांनी तो मोडला नाही आणि कुठल्या कामालाही वापरला नाही. नऊ डिसेंबरला, सुमीतच्या वाढदिवसाला, ते त्यात प्लास्टर ओतायचे. प्लास्टर जमताना गरम होतं, अगदी माणसाच्या अंगाइतकं. मग दार लावून ते चेहरा साच्यातून सोडवायचे आणि आईच्या मांडीवर आणून ठेवायचे. आई डोळे मिटून त्याच्या गालावर तळहात ठेवून बसायची. अर्धा तास मुलगा गरम असायचा. गार झाला की फळीवर.

आई बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई, उपासतापासाचंही वेड नाही. पण ह्या अर्ध्या तासासाठी ती वर्षभर थांबायची. मला ते बघवत नसे.

तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की कपाळावर रेघ आलीय. पुढच्या वर्षी डोळ्यांखाली पिशव्या. आमच्या धंद्यात हे होत नाही. साचा जुना होतो तसा बोथट होतो, चेहरा गुळगुळीत होत जातो. सुमीत दरवर्षी थोडा लहान दिसायला हवा होता. मी बाबांना विचारलं. ते अजगराला रंग देत होते, वर न बघता म्हणाले, "साचा त्याचा आहे ना केतकी. त्याच्यावरच जाणार." त्या दिवसापासून मी त्या फळीकडे पाठ करणं सोडलं.

यंदा श्रावणात बाबांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये, आई चहा घ्यायला खाली गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ते मी करत होतो," ते म्हणाले. "दार लावायचो ना, त्या दहा मिनिटांत. ओलं प्लास्टर लोण्यासारखं कापलं जातं. एक-दोन रेघा, बस. नाहीतर तुझी आई तेवीस वर्षांच्या पोरालाच कवटाळून बसली असती. मोठा होतो म्हणजे जिवंत आहे, असं तिला वाटतं. नऊ तारखेला तू कर. डाव्या डोळ्याखालून सुरू कर. आणि तिला सांगू नकोस."

मला असा राग आला! इतकी वर्षं मी अंधाराला घाबरले ती ह्यांच्या कोरणीला? म्हाताऱ्याचा हात धरून मी चांगला अर्धा तास भांडले. चौथ्या दिवशी बाबा गेले.

चक्रतीर्थाच्या स्मशानात चुलतभाऊ अभिजीत इंदूरहून आला होता. मुलाच्या जागी डोकं, मिशी उतरवायला तयार होता बिचारा. न्हावी समोर बसलेला. आई म्हणाली, "नको. ज्याची मिशी आहे तो उतरवेल." मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याला कळणार कसं? कळवायचं कुठे? शेवटी अग्नी मी दिला.

मग नऊ डिसेंबर आला. दुपारचे तीन. मी साचा फळीवरून काढला, पुसला, प्लास्टर कालवलं, ओतलं. टेबलावर बाबांच्या बारीक कोरण्या मांडल्या आणि शेजारी गेल्या वर्षीचा चेहरा ठेवला, म्हणजे पुढचं वर्ष कुठून चढवायचं ते दिसावं. दार लावलं. बाहेर आई खुर्ची घेऊन बसली होती. आज बाबांची खोटी सही मारायची होती आणि पकडली गेले तर आईकडे काहीच उरणार नव्हतं, ना नवरा, ना मुलगा, ना अर्धा तास.

साचा गरम झाला. मी कडा सुट्या केल्या, सिलिकॉन मागे ओढलं आणि चेहरा बाहेर आला.

तेवीस वर्षांचा यायला हवा होता. साच्याला बाबांच्या कोरण्या कुठून माहीत असणार? पण कपाळावर रेघा होत्या, गेल्या वर्षीपेक्षा खोल. गाल बसलेले. डाव्या भुवईत एक जुना व्रण, जो बाबांनी कधी केला नव्हता आणि आमच्या सुमीतला कधी नव्हता. आणि वरचा ओठ उघडा. मिशी नाही.

मी ताबडतोब साच्यात बोट घातलं. धंद्याची सवय. साचा फाटला असेल तर प्लास्टर तिथे जास्त भरतं, गाठ येते, ओठ असा साफ निघत नाही. साचा कुठेच फाटला नव्हता. मिशीचा खळगा जागच्या जागी होता, केसांच्या रेघा बोटाला लागत होत्या. त्यातून हा ओठ आला होता. नुकत्याच वस्तरा फिरवलेल्या ओठासारखा, कडेला एक लहानसं कापलेलं.

वर्कशॉपमध्ये चाळीस मुंडकी लटकत होती. मला त्यांचा आधार वाटला, इतकी मी त्या एका चेहऱ्याला घाबरले.

"केतकी, थंड होऊन जाईल गं," आईने दार वाजवलं.

मी मेणाचा गोळा उचलला. दोन मिनिटांत मिशी बसवता आली असती. हात ओठापर्यंत गेलासुद्धा. मग वाटलं, पुन्हा दोनच मिनिटं? मी मेण खाली ठेवलं आणि दार उघडलं.

आई बसली. मी चेहरा तिच्या मांडीवर ठेवला. तिने नेहमीसारखे डोळे मिटले, तळहात गालावर टेकवला. बोटं कपाळावर गेली, भुवईवर थांबली, ओठावर आली. तिथे ती बराच वेळ राहिली.

"हे तू नाही केलं," ती म्हणाली.

"नाही."

"यांनी केलेलं मला कळायचं. पहिल्याच वर्षी कळलं. त्याचे ओठ नेहमी माझ्यासारखे करायचे, वेडे. मी बोलली नाही. त्यांना पण तो अर्धा तास पाहिजेच होता ना." तिने डोळे उघडले, पण चेहऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी नाही केलं. त्याने उतरवली. त्याला कळलं, केतकी."

मी रडले. भीतीने रडले आणि आनंदानेही रडले, आणि मध्येच रागाने, की कळलं तर आला का नाहीस, कुठे आहेस, कुठल्या न्हाव्यापुढे एकटा बसला होतास.

"इकडे ये," आई म्हणाली. तिने माझा उजवा हात ओढून त्याच्या गालावर ठेवला आणि वर आपला ठेवला. गाल गरम होता. अंगाइतका गरम.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. मग साडेचार. एवढ्यात प्लास्टर गार पडायला हवं होतं. मी आईकडे पाहिलं, तिने मान हलवली, म्हणजे तिलाही कळत होतं. माझा तळहात एकदा कुणीतरी दाबल्यासारखा वाटला, हलकेच. ते प्लास्टर होतं की आईचा हात, हे मी तिला विचारलं नाही, आणि अजूनही विचारणार नाही.

टेबलावर माझा फोन वाजायला लागला. भोपाळ. उद्या त्यांना अजगर न्यायचा होता, आणि त्याची शेपटी अजून कच्ची होती. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजला.

मी जागची हलले नाही. हात तसाच धरून बसले.